पाळणा, जाते आणि फेर : औशाकडील बाळपणाचे संगीत

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या कारकीर्दीत, राज्याच्या जमाखर्चाचे दप्तर सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत उतरले होते, पिता सोढल यादवांच्या सेवेत मान्यता पावला होता, आणि स्वतः शार्ङ्गदेव हिशेब, वैद्यक व संगीत या तिन्ही विषयांत गती असलेला पुरुष होता. या तिहेरी व्यासंगाचा परिणाम म्हणून की काय, स्वर आणि श्रुती यांचे सूक्ष्म विवेचन आरंभण्यापूर्वी गीताची थोरवी सांगताना तो देवांच्या बरोबरीने पाळण्यात पडलेल्या एका तान्ह्या मुलालाही साक्षीस बोलावतो. ज्याला जगातील कोणत्याही विषयाची गोडी अद्याप कळलेली नाही असे ते रडणारे मूल गीतरूपी अमृत पिऊन हर्षाच्या शिखरास पोचते, असा त्या श्लोकाचा आशय आहे. त्याला लागूनच रानातल्या पाडसाचा दाखला येतो, आणि ते पाडस पारध्याच्या गाण्याला भुलून आपला जीव देते. ज्या गोडीने मूल निजते त्याच गोडीने पाडस मरते, हे एका दमात सांगून मोकळा होणारा हा श्रीकरणाधिपती भाबडा खास नव्हता. संगीत हितकारक आहे असे म्हणून तो थांबत नाही. ते प्रबळ आहे असे तो म्हणतो, आणि त्या प्राबल्याचा पहिला पुरावा म्हणून अजून काहीही न शिकलेला जीव पुढे करतो. अनुभवाचा वारा न लागलेल्या मुलावर गाण्याचा परिणाम होतो त्या अर्थी ही ग्रहणशक्ती जन्मजात असली पाहिजे, हा त्यातील तर्क आहे; आणि २००९ साली हंगेरीतील संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या अर्भकांना ठेका ऐकवून, त्यातील मुख्य आघात गाळला की त्यांच्या मेंदूत दचकल्याची खूण उमटते असे दाखविले, तेव्हा त्यांनी एका परीने शार्ङ्गदेवाचीच साक्ष नव्या उपकरणांनी नोंदवून घेतली.

देवगिरीच्या पंडितास पाळण्यातले हे मूल सुचावे यात नवल नाही, कारण या मुलुखात घरकाम आणि गाणे यांची सांगड त्याच्याही आधी घातली गेली होती. शार्ङ्गदेवापूर्वी शंभर वर्षे, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा आपला प्रचंड कोशग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार, हत्ती, रत्ने, पाकक्रिया अशा राजाने जाणावयाच्या शेकडो विषयांमध्ये महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात ही बारीकशी नोंद त्याने करून ठेवली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्यातील औशाच्या आग्नेयेस, आता कर्नाटकाच्या हद्दीत गेलेले. औशाचा सारा टापू त्या काळी कल्याणीच्याच छत्राखाली होता, तेव्हा राजाने ऐकलेल्या त्या ओव्या कोकणात किंवा पुण्याकडे शोधण्याचे कारण नाही. त्या याच काळ्या मातीत, जोंधळ्याच्या याच मुलुखात घुमत असणार असे मानावयास पुष्कळ जागा आहे.

औशाचा ज्ञात इतिहास मात्र किल्ल्याभोवती फिरतो. खंदकाने वेढलेला हा दुहेरी तटबंदीचा भुईकोट बहामनी अमदानीपासून दक्षिणेतील सत्तांच्या ओढाताणीत सापडला, आणि १६३६ साली उदगीरबरोबर तो शाहजहानच्या सरदाराच्या हवाली झाला. पुढे आसफजाही अंमल आला तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत टिकला. या शतकांची सनदा, फर्माने, इनामपत्रे आणि जमाबंदीचे कागद अभ्यासकांना उपलब्ध होतात, आणि त्यांत संगीताचा उल्लेखही अधूनमधून सापडतो. परंतु तो ज्याला जमीन अथवा मुशाहिरा लावून द्यावा लागे अशा संगीताचा. नौबत झडविणारा, देवळात सनई वाजविणारा, उरुसात कव्वाली म्हणणारा कागदावर येतो, कारण त्याच्यावर सरकारचा किंवा देवस्थानचा खर्च पडे. पहाटे तीन वाजता उठून दळणाऱ्या बाईच्या गाण्यावर कोणी पट्टी बसविली नाही आणि त्यासाठी कोणी वतनही दिले नाही, म्हणून तिची दप्तरात नोंद नाही. बाळपणाच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दफ्तरखान्याचा उपयोग नाही तो यामुळे. त्याला चालीरीतींकडेच वळावे लागते.

चालीरीतींमध्ये पहिले स्थान अर्थातच बारशाचे. जन्मापासून बाराव्या दिवशी, पाचवीला सटवाईची पूजा होऊन गेल्यावर, पाळणा बांधला जातो. ऐपतदाराकडे तो रंगवलेल्या लाकडाचा आणि वर पोपट-चिमण्या टांगलेला असे, आणि कष्टकऱ्याकडे जुन्या लुगड्याची झोळी आढ्याच्या तुळईला दोन गाठींनी अडकविलेली असे. मुलाला त्यात ठेवण्यापूर्वी पाटा-वरवंट्यातील वरवंटा धुऊन, कुंची घालून, काजळ लावून पाळण्यात निजविण्याची रीत अनेक घरांत आहे. पाळणा दगडाने जड व्हावा म्हणजे मूल दगडासारखे दणकट होईल अशी समजूत. मग दोन सवाष्णी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मुलाला एकीने पाळण्याखालून द्यावे, दुसरीने वरून परत करावे, असे नाव पुकारीत करतात. भोवती जमलेल्या बायका पाळणागीत म्हणतात. आणि शेवटी आत्या मुलाच्या कानाशी तोंड नेऊन प्रथम ओठांनी 'कुर्रर्र' असा आवाज काढते आणि मग नाव सांगते, त्यासरशी इतर बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. या प्रकारात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण रचना पाहावी. हेलकावा, समूहस्वर, कानाजवळचा कंप आणि त्यानंतर उच्चारलेले नाव हा क्रम योजणाऱ्या अनाम बायकांना मुलाचे कान डोळ्यांच्या आधी पिकतात हे अनुभवाने ठाऊक असले पाहिजे. गर्भ शेवटच्या तिमाहीत ऐकू लागतो आणि जन्मतःच मूल आईचा आवाज परक्यांच्या आवाजातून निवडून काढते, हे आता वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. बाराव्या दिवशी मुलाला दिसते ते अंधुक, ऐकू येते ते मात्र स्पष्ट.

पाळण्याच्या गीतांत विषय बहुधा राम, कृष्ण, शिवाजी किंवा एखादा संत; एकेका दिवसाचा क्रम लावून बाराव्या दिवसापर्यंत नेणाऱ्या त्यांच्या बांधणीमुळे मोठ्या बहिणींना मोजणी आपोआप पाठ होत असे. मुक्ताबाईच्या नावावर पाळण्याचे रूपक योजणारा अभंग परंपरेने मान्य केलेला आहे, आणि वयाने अवाढव्य मानलेल्या योगी चांगदेवास त्या लहान मुलीने पाळण्यात घातले ही कल्पना वारकऱ्यांना इतकी रुचली की ती कीर्तनातून खेडोपाडी पोचली. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला देवळात देवाचा पाळणा हलवितात तेव्हा कडेवर मूल घेतलेल्या बाया दोरीला हात लावण्यासाठी गर्दी करतात. घरातले गाणे देवळात गेले, की देवळातले घरात आले, याचा निवाडा करणे कठीण आहे आणि करण्याचे प्रयोजनही नाही.

परंतु पाळणा हा नैमित्तिक झाला. नित्याचे संगीत जात्याचे. औशाकडे ज्वारीची भाकरी हा मुख्य आहार, आणि घरातील माणसांना पुरेल इतके पीठ रोजच्या रोज पहाटे काढावे लागे. दळणारी बाई एक पाय लांब सोडून बसे, दुसरा दुमडून घेई, आणि उठलेल्या तान्ह्यास त्या लांब सोडलेल्या पायावर, मांडीपासून गुडघ्यापर्यंत, आडवे घाली. उजवा हात खुंट्यावर, डावा अधूनमधून जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकणारा. जाते फिरे तसतसे तिचे अंग कमरेतून पुढेमागे झुके, आणि ओवीचा चरण नेमका त्या झोक्यावर चढे व उतरे. म्हणजे मूल ओवी ऐकत असे ती केवळ कानाने नाही. आईच्या मांडीचा हेलकावा, दगडाची घरघर आणि गळ्यातील स्वर या तिन्हींची लय एकच असल्याने ते अंगाने ऐकत असे. २००५ साली कॅनडातील दोन संशोधिकांनी सात महिन्यांच्या मुलांना एकच संदिग्ध ठेका ऐकविला, त्यांपैकी काहींना दर दुसऱ्या आघाताला हातावर झुलविले आणि काहींना दर तिसऱ्या. पुढे ज्या मुलास जसे झुलविले होते तसाच ठेका ते अधिक आवडीने ऐकू लागले. अंग हलल्याने कान घडतो हे त्या प्रयोगाचे सार. जात्यापाशी हा प्रयोग शतकानुशतके रोज पहाटे चालू होता.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जात्यावरच्या ओवीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक जात्यावर कधी बसलेले नसतात. ओवीत माहेरची ओढ आहे, लेकराचे कौतुक आहे, तसा सासुरवासाचा संताप आणि झोपमोडीचा थकवाही आहे. बाई गात असे ती मुलाच्या बौद्धिक विकासासाठी नव्हे, काम रेटावे म्हणून. मुलाच्या पदरी जे पडले ते त्या कष्टाचे उपफल होते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा पुष्कळ संग्रह प्रसिद्ध केले, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून त्यांचे भांडारच उभे केले. या संग्रहांत मुलाविषयीच्या ओव्या पानोपानी आहेत, आणि त्यांच्याच शेजारी पाठीवर पडलेल्या माराच्याही आहेत.

औशाच्या कसब्यात मराठीबरोबर दखनी बोलणारी वस्तीही जुनी, आणि तिच्या घरांतही हाच प्रकार वेगळ्या शब्दांत चाले. विजापूरकडील सूफींनी सतराव्या-अठराव्या शतकांत दखनीत चक्कीनामे, चरखानामे आणि लोरीनामे रचले. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, त्याचा आस म्हणजे पैगंबर, अशी रूपके बांधून त्यांनी दळणाऱ्या, कातणाऱ्या आणि मूल निजविणाऱ्या बायकांच्या ओठी आपली शिकवण ठेवली. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने तर दक्षिणेत इस्लामचा जनसामान्यांत प्रवेश होण्यास मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा ही गाणी अधिक कारणीभूत झाली असावीत असा पक्ष मांडला आहे. पंढरीचा विठोबा आणि विजापूरचा पीर या दोघांनाही घराच्या उंबऱ्याच्या आत जाण्याची वाट जात्यावरून आणि पाळण्यावरूनच सापडली, ही गोष्ट सत्तेच्या इतिहासाने दुर्लक्षिली असली तरी क्षुल्लक नव्हे.

मूल चालू लागले की संगीत अंगणात येई. नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी झाडाला झोके बांधून गात, आणि सायंकाळी फेर धरीत. मोठ्या मुली हातात हात गुंफून गोल फिरत, आणि ज्यांना अजून शब्द येत नसत अशा तीन-चार वर्षांच्या पोरी त्या गोलाच्या शेपटीला लोंबकळून केवळ पावले टाकीत. आधी पाऊल, मग ताल, मग धृपद आणि सर्वांच्या शेवटी कडवे, हा त्यांच्या शिक्षणाचा क्रम कोणी ठरविलेला नव्हता. वेळा अमावास्येला, ज्याला औसा-लातूरकडे येळवस म्हणतात, सारे कुटुंब शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते, भज्जी आणि अंबिलाचा नैवेद्य होतो, आणि कोणी तरी अंबील शिंपडीत पिकाभोवती फिरतो तेव्हा त्याच्यामागून पोरांचा घोळका कानडी वळणाची एक ललकारी देत धावतो. तिचा अर्थ त्यांतील फार थोड्यांना सांगता येतो. अर्थावाचून तिचे काही अडत नाही. लग्नाच्या वरातीत आणि पोळ्याला वाजणारी हलगी हा या बाजूचा आणखी एक मोठा गुरू. ती विस्तवावर शेकून कातडे ताणून घ्यावे लागते, आणि शेकणाऱ्याभोवती जमलेली पोरे बोटाने टिचकी मारून आवाज चढला की नाही हे पाहतात. परंतु हलगी मातंग समाजाकडे, सनई-चौघडा देवळाशी बांधलेल्यांकडे, संबळ गोंधळ्याकडे अशी वाद्यांची जातवार वाटणी होती, आणि एका घरातले मूल जे वाद्य चार वर्षांचे असताना हातात धरी त्याला दुसऱ्या घरातल्या मुलाने हात लावणे निषिद्ध होते. हे सांगितल्यावाचून जुन्या रीतीचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल.

या वाटणीतून काही अंशी वाट काढली ती भजनाने. औसा हे वीरनाथ व मल्लनाथ महाराजांच्या परंपरेतील नाथ संस्थानाचे स्थान. या संस्थानाचे चक्रीभजन, ज्यात भजनी मंडळी फेर धरून ठेक्यावर गोल फिरत गातात, औशाची ओळख होऊन बसले आहे, आणि माघवारीला औसेकरांचे हे भजन पंढरपुरास होते. बैठकीच्या भजनात मुलास मांडी घालून बसविणे हाच पहिला परिश्रम. चक्रीभजनात तो प्रश्नच उद्भवत नाही. फिरणाऱ्या मंडळाच्या आत किंवा मागे पाच-सहा वर्षांचा मुलगा छोटे टाळ घेऊन उभा राहिला तर त्याला थोपविण्यापेक्षा वाट करून देणे सोपे जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत तो मंडळात कधी मिसळला हे त्याच्या बापालाही सांगता येत नाही. जर्मनीतील लाइपझिग येथे २०१० साली चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, जी मुले जोडीने गाऊन-नाचून खेळली ती नंतर एकमेकांच्या मदतीस अधिक तत्परतेने धावली, आणि जी त्याच खेळात गाण्याशिवाय गुंतली ती तितकी धावली नाहीत. समान लयीत हललेल्या अंगांमध्ये काही आपलेपण उत्पन्न होते, एवढेच त्यावरून म्हणता येईल. दिंडीत चालणाऱ्यास हे सांगावे लागत नाही.

शाळेचा आणि या संगीताचा संबंध दीर्घकाळ आलाच नाही. निजामी राज्यात दुय्यम शिक्षण उर्दूतून, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे, आणि शाळेत गायिले जाणारे गीत म्हणजे आसफजाही घराण्याच्या चिरायुष्याची दुआ. औशापासून जवळच हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली व पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले, तेव्हा वेगळी प्रार्थना आणि वेगळी गीते मुलांच्या कानी पडू लागली. पण ती मोठी मुले होती. तीन ते सहा या वयाच्या मुलाला शिक्षण असते हा विचारच मराठवाड्यात फार उशिरा आला.

तो विचार घडला अन्यत्र. जर्मनीत फ्रेबेलने १८४४ मध्ये आयांची गाणी आणि बोटांचे खेळ गोळा करून पुस्तक केले, आणि खेड्यातील बाई मुलाशी जे सहज खेळते त्यातच शिक्षणाचे बीज आहे असा आग्रह धरला. आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून मुलांच्या मुखी गुजरातीतील लोकगीते ठेवली. १९२३ मध्ये तेथे गेलेल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि 'शिक्षणपत्रिका' मराठीतून चालविली. माँटेसोरीची साधने महाग, तिच्या घंटांचा संच परदेशी. तो खेड्यात परवडणारा नाही हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले, तेव्हा भोवतालचे दगड, बिया, शिंपले आणि भोवतालचीच गाणी ही साधने म्हणून घेतली. १९४५ पासून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याची जी युक्ती या बायांनी केली तिचे नाव अंगणवाडी. आणि अंगणात गेल्यावर त्यांनी प्रथम केले ते गाणे म्हणणे, कारण गाण्याने मुले दारातून बाहेर येतात आणि पाठीवर धाकटे भावंड घेतलेली मुलगीही थबकते. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि बोर्डीचा तो शब्द देशभर गेला. औशाच्या खेड्यांत तो पोचला तेव्हा हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात येण्याच्या बेतात होता. तो जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला.

अंगणवाडी आली आणि जाते गेले, या दोन घटना जवळजवळ एकाच पिढीत घडल्या. पिठाची गिरणी आल्याने बाईचे पहाटेचे दोन तास वाचले, आणि त्या दोन तासांतली ओवीही गेली; कोणत्याही शहाण्या बाईने या व्यवहाराबद्दल तक्रार केल्याचे मला माहीत नाही. त्यानंतर औसा तालुक्यावर जो आघात झाला तो कोणाच्या इच्छेचा प्रश्न नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीने लादलेली माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्री टाळ-लेझीम खेळून दमलेली मुलेही त्यांत होती. हजारो माणसे गेली. ५२ गावे मूळ जागा सोडून नव्या ठिकाणी वसविण्यात आली. नवी गावे रुंद रस्त्यांची, ऐसपैस भूखंडांची आणि आखीव, सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्दोष; मात्र ओट्याला ओटा लागून असलेली जुनी गल्ली त्यांत नाही, आणि शेजारणीचा पाळणा ऐकू येण्याइतके घर जवळ नाही. माळवदाच्या तुळईला टांगलेल्या झोळीची जागा सिमेंटच्या छतात बसविलेल्या लोखंडी कडीने घेतली.

विचित्र योगायोग असा की याच भूकंपानंतर पंधरवड्याच्या आत, १४ ऑक्टोबर १९९३ रोजी, 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक लहानसा प्रयोग छापून आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृतींच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि ती वाढ पंधरा मिनिटांत विरली. त्या अभ्यासात एकही लहान मूल नव्हते. तरीही त्यावरून 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार करा' असा बाजार जगभर उभा राहिला, आणि १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नराने प्रत्येक नवजात मुलाच्या घरी संगीताची तबकडी पाठविण्याची योजना आखली. आज लातूरच्या बाजारात मिळणारे, दांडा दाबला की परदेशी चाल वाजविणारे प्लॅस्टिकचे पाळणे त्याच समजुतीचे वारस आहेत.

खरे फायदे अधिक मर्यादित आहेत, आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय. टोरांटो येथे सहा वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, वर्षभर गाण्याचे किंवा वाद्याचे धडे घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडासाच अधिक वाढला, आणि सामाजिक वर्तनात सुधारणा दिसली ती नाट्याचे धडे घेतलेल्यांत. अमेरिकेतील अकरा रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बालकांना आईबापांनी निवडलेले अंगाईगीत जवळ बसून गाऊन दाखविले तेव्हा त्यांच्या हृदयाची गती संथ झाली आणि दूध ओढण्यात सुधारणा दिसली. मॉन्ट्रियल येथे बालकांना अपरिचित अशा तुर्की भाषेत एकदा गाणे ऐकविले व एकदा बोलणे. बोलण्याने ती सुमारे चार मिनिटे शांत राहिली, गाण्याने सुमारे नऊ. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निष्कर्ष असा की सहा महिन्यांच्या अमेरिकी मुलांना बाल्कन देशांतील विषम मात्रांच्या तालातला बिघाडही तत्काळ कळतो, पण वर्षाची होईतो ती केवळ आपल्या घरातल्या समतोल तालांपुरतीच तयार राहतात. म्हणजे कान सर्व तालांसाठी उघडा जन्मतो आणि घरात जे घुमते तेवढ्यापुरता मिटत जातो. ज्या घरात सकाळी भजनी ठेका, दुपारी हलगी आणि रात्री आराध्यांची झांज यांतले काही ना काही ऐकू येते, तेथील मुलाचा कान किती वाटांनी उघडा राहतो याची मोजदाद करण्याचे काम अद्याप कोणी तरी हाती घेण्यासारखे आहे.

औसा तालुक्यातील अंगणवाडीत आज सकाळी अकराच्या आत एक फेर होतो. सेविका मध्ये उभी राहते, मुले भोवती. हातवाऱ्यांची बडबडगीते होतात, त्यांत फळे, रंग, आठवड्याचे वार आणि हात धुण्याचे टप्पे येतात. गीते बहुधा प्रशिक्षणात मिळालेली, एकाच चालीची, सर्व महाराष्ट्रभर सारखी. सेविकेच्या हाती नोंदवह्या, वजनकाटा, पोषण आहाराचा हिशेब आणि मोबाइलवर भरावयाची माहिती इतकी असते की गाण्यास उरलेला वेळ पाहून तिला दोष देण्यास जीभ रेटत नाही. उलट, आजीच्या ओव्या अंगणवाडीत आणाव्यात असे कोणी सुचविले तर पहिली अडचण वेगळीच येते. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना बसवून गा म्हटले तर त्या दोन ओव्या म्हणून अडतात, काही सुचत नाही म्हणतात. परंतु कोपऱ्यात उलथे पडलेले जाते सरळ करून, मूठभर दाणे घालून खुंटा त्यांच्या हाती दिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच ओवी येते आणि मग थांबत नाही. ओव्या गोळा करीत फिरलेल्यांना हा अनुभव आहे. अंगणवाडीच्या साहित्याच्या यादीत ठोकळे आहेत, चित्रपट्ट्या आहेत, खेळण्यांचा संच आहे. त्यात एक लहान जाते घालावयास फार खर्च येणार नाही, आणि फिरविणारी आजी गावात अजून आहे.